तुमच्या जागी मत कोण देऊ शकते? शंभर रुपयांचे काम वेळेत करा

सोसायटीची वार्षिक सभा आहे आणि तुम्ही परगावी आहात. मुलाच्या हातात चिठ्ठी देता : ‘माझ्या वतीने मत द्यावे.’ मुलगा सभेला जातो, सही करायला वही ओढतो आणि सचिव म्हणतात, ‘तुला बसता येणार नाही.’ वाद होतो, पण सचिवांचे बरोबर असते.

मत देणारा माणूस सभेच्या दिवशी ठरत नाही. तो आधी, कागदावर, संस्थेच्या नोंदवहीत ठरतो. हे काम स्वस्त आहे, वकील लागत नाही, मुद्रांकही लागत नाही. मात्र सभेची नोटीस हातात पडल्यावर धावपळ केली तर बहुतेक वेळा उशीर झालेला असतो. कोणत्या संस्थेत काय चालते, कागद कोणते, खर्च किती आणि दिवस किती, हे एकेक करून पाहू.

आधी तुमची संस्था कोणत्या कायद्याखाली आहे ते पाहा

नियम सगळीकडे सारखे नाहीत. नोंदणी प्रमाणपत्र काढा आणि त्यावरचा कायदा वाचा.

महाराष्ट्र सहकारी संस्था अधिनियम, १९६० असेल तर ती सहकारी गृहनिर्माण संस्था. सोसायट्यांसाठी या कायद्यात २०१९ मध्ये स्वतंत्र प्रकरण आले. त्यातली कलमे ‘१५४ब’ या क्रमांकाने सुरू होतात.

संस्था नोंदणी अधिनियम, १८६० असेल तर ते मंडळ, वाचनालय किंवा शिक्षणसंस्था. महाराष्ट्रात अशी संस्था बहुधा धर्मादाय आयुक्त कार्यालयातही सार्वजनिक न्यास म्हणून नोंदलेली असते.

कंपनी कायदा, २०१३ आणि ‘कलम ८’ असेल तर ती ना-नफा कंपनी.

इमारत ‘अपार्टमेंट’ असेल, म्हणजे १९७० च्या अपार्टमेंट मालकी कायद्याखालची असेल, तर खाली सोसायटीबद्दल लिहिलेले तुम्हाला लागू नाही. तुमचे घोषणापत्र आणि उपविधी पाहा.

सोसायटी : चिठ्ठी चालत नाही, मुखत्यारपत्रही नाही

सहकारात मत स्वतः हजर राहून द्यायचे असते, प्रॉक्सीने नाही. आदर्श उपविधी याहून पुढे जातात. प्रॉक्सी, मुखत्यारपत्रधारक किंवा अधिकारपत्र घेऊन आलेला माणूस, यांपैकी कोणालाही सभासदाच्या वतीने सर्वसाधारण सभेला बसता येत नाही.

इथे लोकांचे पैसे वाया जातात. परदेशात राहणारा मालक मुखत्यारपत्र करतो, मुद्रांक, नोटरी, कधी वकिलातीतले साक्षांकन असा खर्च करतो आणि कागद भावाला पाठवतो. त्या कागदावर फ्लॅट भाड्याने देता येईल, बँकेचे काम होईल. सभेत मत मात्र देता येणार नाही. ‘सगळे अधिकार दिले आहेत’ असे त्यात लिहिलेले असले तरी नाही.

मग मत कोण देऊ शकते? चौघांचा विचार करा.

*संयुक्त सभासद.* शेअर सर्टिफिकेटवर तुमच्यासोबत ज्यांचे नाव आहे ते. पहिले नाव हजर असेल तर मत त्यांचे. ते नसतील तर दुसरे नाव, दोघेही नसतील तर त्यापुढचे. अट एवढीच, की व्यक्ती सज्ञान असावी. यासाठी वेगळे संमतिपत्र लागत नाही. फ्लॅटचे मत एकच राहते. तीन नावे म्हणजे तीन मते नव्हेत. तुमच्या सर्टिफिकेटवर पती-पत्नी दोघांची नावे असतील तर तुमचे काम आधीच झालेले आहे. जाताना सर्टिफिकेटची प्रत आणि ओळखपत्र द्या, बस.

*सहयोगी सभासद.* शेअर सर्टिफिकेटवर ज्यांचे नाव नाही, पण तुमच्या लेखी अर्जावरून संस्थेने ज्यांना दाखल करून घेतले आहे ते. पती, पत्नी, आई, वडील, भाऊ, बहीण, मुलगा, मुलगी, जावई, सून, पुतण्या-भाचा, पुतणी-भाची या नात्यांतलीच व्यक्ती चालते. मित्र, शेजारी किंवा इस्टेट एजंट चालत नाही. तुमची आगाऊ लेखी संमती असेल तर त्यांना मत देता येते. यात फ्लॅटची मालकी कुठेही जात नाही.

*तात्पुरता सभासद.* सभासद वारल्यावर, वारस सभासद होईपर्यंत, नामनिर्देशनाच्या आधारे दाखल करून घेतलेली व्यक्ती. तिला मत आहे. मालकी मात्र वारसाहक्काने किंवा मृत्युपत्राने ठरते, नामनिर्देशनाने नाही.

*नाममात्र सभासद.* भाडेकरू बहुधा या वर्गात असतात. त्यांना मत नाही. भाडेकरूला ‘माझ्या जागी बसा’ असे सांगू नका. उलट फ्लॅट भाड्याने दिला म्हणून तुमचे मत जात नाही. ‘तुम्ही इथे राहत नाही, तुम्हाला मत कसले?’ असे कोणी म्हटले तर ते चूक आहे. बिनभोगवटा शुल्क तुम्ही भरता, ते सेवाशुल्काच्या १० टक्क्यांपेक्षा जास्त घेता येत नाही आणि त्याचा मताशी संबंध नाही.

सहयोगी सभासद करायचा : कागद, खर्च, दिवस

कुठे : सोसायटीच्या कार्यालयात, सचिवांकडे. निबंधक कार्यालयात जायची गरज नाही.

कागद : उपविधींना जोडलेल्या नमुन्यातला अर्ज, तुमची लेखी संमती, त्या व्यक्तीच्या ओळखपत्राची प्रत, नाते दाखवणारा एखादा कागद आणि तुमच्या शेअर सर्टिफिकेटची प्रत. अर्जाच्या दोन प्रती करा. एकीवर तारीख, शिक्का आणि सही घेऊन ती जपून ठेवा.

खर्च : प्रवेश शुल्क १०० रुपये. पावती घ्या.

दिवस : अर्ज समितीच्या बैठकीत मंजूर व्हावा लागतो आणि समितीची बैठक साधारण महिन्यातून एकदा होते. घोटाळा इथे होतो. वार्षिक सभेची नोटीस १४ पूर्ण दिवस आधी द्यायची असते. ‘पूर्ण’ म्हणजे नोटिशीचा आणि सभेचा दिवस सोडून. २८ सप्टेंबरला सभा असेल तर नोटीस १३ तारखेपर्यंत निघाली पाहिजे. ती हातात पडल्यावर अर्ज केला तर मधल्या दोन आठवड्यांत समितीची बैठक होईलच असे नाही. विशेष सभेला तर ५ पूर्ण दिवसांचीच नोटीस पुरते. वार्षिक सभा ३० सप्टेंबरच्या आत घ्यायची असते, तेव्हा अर्ज जून-जुलैमध्येच द्या.

संमतिपत्र साध्या कागदावर चालते. असे लिहा :

‘मी, अमुक, सदनिका क्रमांक अमुकचा सभासद. माझ्या गैरहजेरीत संस्थेच्या सर्वसाधारण सभांना उपस्थित राहून मतदान करण्यास माझे सहयोगी सभासद अमुक (नाते अमुक) यांना मी याद्वारे लेखी संमती देत आहे. ही संमती मी लेखी मागे घेईपर्यंत लागू राहील.’

तारीख, सही, पत्ता घाला. ‘मतदान’ हा शब्द लिहाच. ‘सर्व कामांसाठी’ असे मोघम लिहिले की सभेत वादाला तोंड फुटते. एकाच सभेपुरती संमती द्यायची असेल तर सभेची तारीख लिहा.

न मागता खिशातून जाणारे पैसे

‘सहयोगी सभासद करायला हस्तांतर फी भरा’ असे सांगितले तर नकार द्या. हस्तांतर झालेलेच नाही. ५०० रुपयांची हस्तांतर फी शेअर दुसऱ्याच्या नावावर जाताना असते.

‘प्रीमियम भरा’, ‘इमारत निधीला देणगी द्या’ असे म्हटले तरी नकारच. हस्तांतर प्रीमियमची कमाल मर्यादा महापालिका क्षेत्रात २५,००० रुपये आहे आणि तो फ्लॅट विकताना लागतो. कुटुंबातल्या व्यक्तीच्या किंवा नामनिर्देशित व्यक्तीच्या नावावर होताना तो घेता येत नाही. देणगीच्या नावाखालीही नाही.

‘त्यापेक्षा बायकोचे नाव मालकीतच घाला, बक्षीसपत्र करू’ हा सल्ला एजंटकडून येतो. राहते घर पत्नी, पती, मुलगा, मुलगी किंवा नातवंडांना बक्षीस देताना महाराष्ट्रात मुद्रांक शुल्क २०० रुपये आहे, हे खरे. पण दस्त नोंदवावा लागतो, स्थानिक अधिभार लागतो का ते दुय्यम निबंधक कार्यालयात विचारावे लागते, कर्ज असेल तर बँकेचे ना-हरकत पत्र लागते आणि एजंटची फी वेगळीच. शिवाय मालकी खरोखर जाते. निव्वळ सभेतल्या मतासाठी हा रस्ता धरू नका. त्यासाठी १०० रुपयांचा अर्ज पुरतो.

‘अर्जाला शपथपत्र जोडा, नोटरी करा’ असे सांगितले तर कोणत्या उपविधीत तशी अट आहे ते लेखी विचारा.

सभासद वारल्यावर

घरात दुःख असते, कागदांकडे कोणी पाहत नाही आणि नेमकी त्याच वर्षी पुनर्विकासाची सभा लागते. म्हणून हे लक्षात ठेवा.

नामनिर्देशन केलेले असेल तर त्या व्यक्तीने मृत्यूनंतर सहा महिन्यांच्या आत अर्ज करावा. सोबत मृत्यूचा दाखला, शेअर सर्टिफिकेट, ओळखपत्र आणि उपविधीत सांगितलेले बंधपत्र. एकापेक्षा जास्त नामनिर्देशित असतील तर अर्ज एकत्र करा आणि सभासद म्हणून कोणाचे नाव लावायचे ते त्यातच लिहा. बंधपत्राचा मुद्रांक आणि नोटरी हा खरा खर्च आहे, तो टळत नाही.

नामनिर्देशन नसेल तर वर्तमानपत्रांत जाहीर सूचना देऊन हरकती मागवाव्या लागतात. जाहिरातीचा खर्च आधी संस्था करते, पण शेवटी ज्याच्या नावावर शेअर होतात त्याच्याकडून वसूल होतो. हा सगळ्यात मोठा अनपेक्षित खर्च. छोट्या टायपातली मजकूर-जाहिरात पुरते. मोठी सजवलेली जाहिरात द्यायची गरज नाही, हे आधीच सांगून ठेवा.

हे सारे टाळायचे तर आजच नामनिर्देशन भरा. पहिल्या वेळी शुल्क नाही. पुढे बदल केला तर दर वेळी १०० रुपये.

अर्जावर संस्था गप्प बसली तर? सभासदत्वाच्या अर्जावर तीन महिन्यांत निर्णय कळवणे संस्थेवर बंधनकारक आहे. नकार आला तर कारणांसह लेखी मागा आणि उपनिबंधकांकडे अपील करा.

पुनर्विकासाच्या सभेत जास्त काळजी घ्या

४ जुलै २०१९ च्या शासन निर्णयानुसार पुनर्विकासाच्या सभेला एकूण सभासदांपैकी दोन-तृतीयांशांची गणपूर्ती लागते आणि निर्णयाला एकूण सभासदांच्या किमान ५१ टक्क्यांची संमती लागते. ‘एकूण’ हा शब्द महत्त्वाचा. गैरहजर राहिलेला सभासद इथे तटस्थ राहत नाही. त्याची गैरहजेरी प्रस्तावाच्या विरोधात मोजली जाते.

विकासक निवडीच्या सभेला निबंधकांचा प्रतिनिधी असतो आणि चित्रीकरण होते. ओळखपत्र दाखवून सभासदांनाच आत सोडतात. ‘ओळखीचे आहेत, बसू द्या’ इथे चालत नाही. म्हणून मूळ संमतिपत्र, समितीच्या ठरावाची प्रत, १०० रुपयांची पावती आणि ओळखपत्र हे चार कागद तुमच्या सहयोगी सभासदाच्या हातात द्या.

समितीच्या बैठकीत बदली माणूस नाही

अनेक सोसायट्यांत एक चुकीची पद्धत पडली आहे. समितीत महिलांसाठी दोन जागा राखीव असतात. निवडून बाई येतात आणि बैठकीला त्यांचे यजमान जातात. ते बोलतात, सही करतात, मतही देतात. हे चालत नाही. समितीवर निवडून आलेली व्यक्ती स्वतःच बसते, तिला बदली माणूस नसतो. अशा मतावर काठावर मंजूर झालेला ठराव आव्हान दिल्यास अडचणीत येतो. कंत्राटदाराला पैसे दिल्यानंतर तो अडचणीत आला तर निस्तरणे सगळ्यांच्या डोक्यावर बसते.

बैठकीला जाता येणार नसेल तर रजेचा लेखी अर्ज द्या. परवानगीशिवाय सलग तीन मासिक बैठका चुकल्या तर समितीवरचे पद धोक्यात येते.

जागा खरोखर रिकामी झाली तर? समितीची उरलेली मुदत मूळ मुदतीच्या निम्म्याहून कमी असेल तर समिती त्याच वर्गातल्या सभासदाची नेमणूक करू शकते. पाच वर्षांच्या मुदतीत म्हणजे शेवटच्या अडीच वर्षांत. त्याआधी जागा रिकामी झाली तर निवडणूक. नियमाने आलेल्या अशा सभासदाला समितीत पूर्ण मत असते. ‘सल्लागार’ किंवा ‘विशेष निमंत्रित’ म्हणून बोलावलेल्यांना मत नसते. इतिवृत्तात त्यांचे नाव ‘उपस्थित सभासद’ या यादीत घातले गेले नाही ना, ते पाहा.

मंडळ, वाचनालय, शिक्षणसंस्था

१८६० च्या कायद्याखालच्या संस्थेत पहिला प्रश्न प्रॉक्सीचा नाही, वर्गणीचा आहे. वर्गणी तीन महिन्यांहून जास्त थकली असेल तर सभासदाला मत देता येत नाही, सभासद म्हणून त्याची मोजणीही होत नाही. शंभर-दोनशे रुपयांच्या वर्गणीपायी वीस वर्षांचे सभासद सभेच्या दारातून परत जातात. सभेच्या आधी वर्गणी भरा, पावती खिशात ठेवा.

रोजच्या सभांना प्रॉक्सी चालते का, हे तुमच्या नियमावलीवर अवलंबून आहे. नियमावलीत तरतूद नसेल तर ती चालते असे गृहीत धरू नका. उद्देश बदलणे किंवा दुसऱ्या संस्थेत विलीन होणे यासाठी मात्र कायद्यातच रीत दिली आहे. १० दिवस आधी लेखी प्रस्ताव, मग विशेष सभेत तीन-पंचमांश मते, आणि एका महिन्याच्या अंतराने दुसरी सभा. पहिल्या सभेत मत हजर राहून किंवा प्रॉक्सीने देता येते. दुसऱ्या सभेत हजर असलेल्यांचीच तीन-पंचमांश मते लागतात. पहिल्या सभेला चिठ्ठी पाठवून निर्धास्त बसलेले सभासद दुसऱ्या सभेला गाफील सापडतात. दुसऱ्या सभेची तारीख पहिल्याच दिवशी लिहून घ्या.

विश्वस्त मंडळात बदली विश्वस्त नसतो, न्यासपत्रात किंवा मंजूर योजनेत तशी स्पष्ट सोय असल्याशिवाय. विश्वस्त वारला, त्याने राजीनामा दिला किंवा नवा आला तर बदल अर्ज ९० दिवसांच्या आत धर्मादाय कार्यालयात द्यावा लागतो. सोबत सभेची नोटीस, ठराव, नव्या विश्वस्ताचे संमतिपत्र, राजीनामा किंवा मृत्यूचा दाखला आणि ओळखपत्रे. मुदत उलटली तर विलंबमाफीचा वेगळा अर्ज आणि वकिलाची वेगळी फी. नवे विश्वस्त मत देऊ लागले की बदल अर्जाची पोच मागा.

कलम ८ ची कंपनी

इथे दोन गोष्टी वेगळ्या ठेवा.

सभासदांच्या सभेत प्रॉक्सी देता येते, पण ती व्यक्ती स्वतःही त्याच कंपनीची सभासद असली पाहिजे. बाहेरचा नातेवाईक चालत नाही. कंपनीला भागभांडवल नसेल तर नियमावलीत तशी तरतूदही हवी. फॉर्म एमजीटी-११, सभेच्या ४८ तास आधी पोहोचला पाहिजे. प्रॉक्सीला सभेत बोलता येत नाही आणि हात वर करून मत देता येत नाही. मतदान घेतले तरच तिचे मत धरतात. हे माहीत नसल्याने माणूस सभेला जातो आणि काही न करता परततो.

संचालक मंडळात प्रॉक्सी नाहीच. तिथे ‘पर्यायी संचालक’ नेमता येतो. त्याच्या अटी कडक आहेत : मूळ संचालक किमान तीन महिने भारताबाहेर असावा, कंपनीच्या नियमावलीत किंवा सर्वसाधारण सभेच्या ठरावात तसा अधिकार दिलेला असावा, पर्यायी व्यक्ती त्याच कंपनीची आधीच संचालक नसावी आणि दुसऱ्या कोणाचीही पर्यायी नसावी. मूळ संचालक भारतात परतला की पर्यायी संचालकाचे पद संपते. त्याच दिवसापासून मतही नाही.

खर्च : नव्या व्यक्तीला संचालक क्रमांक काढायला ५०० रुपये, डिजिटल स्वाक्षरीचा खर्च वेगळा. संमतीचा फॉर्म डीआयआर-२ घ्या आणि डीआयआर-१२ फॉर्म ३० दिवसांत भरा. भागभांडवल नसलेल्या कंपनीला त्याचे शुल्क २०० रुपये. उशीर झाला तर जादा शुल्क दुपटीपासून सुरू होते आणि १८० दिवसांपलीकडे बारापट होते.

पण आधी विचार करा. संचालकाला व्हिडिओ कॉन्फरन्सने बैठकीला बसता येते, त्याची हजेरी गणपूर्तीत धरतात आणि मतही धरतात. एक-दोन बैठकांचा प्रश्न असेल तर पर्यायी संचालक नेमण्यात पैसे घालू नका.

सभेनंतर : चुकीचे मत पडले असेल तर

सभा चालू असतानाच हरकत घ्या आणि ती इतिवृत्तात नोंदवायला सांगा. हात वर केलेल्यांचे फोटो काढून भागत नाही. हजेरीपटाची प्रत लेखी मागा. सोसायटीत इतिवृत्ताचा मसुदा आल्यावर १५ दिवसांत लेखी हरकत द्या. प्रश्न समितीच्या निवडणुकीचा असेल तर निकालापासून दोन महिन्यांच्या आत दाद मागावी लागते. ती मुदत गेली की हरकत कितीही खरी असली तरी उपयोग नाही.

या आठवड्यात तीन कामे करा. शेअर सर्टिफिकेट काढून त्यावरची नावे वाचा. नामनिर्देशन भरले आहे का, ते सचिवांकडून लेखी घ्या. घरातल्या एका विश्वासाच्या माणसाला सहयोगी सभासद करण्याचा अर्ज आणि १०० रुपये देऊन पावती घ्या. तुमच्या घराचा निर्णय ज्या सभेत होईल, त्या सभेत तुमच्या घरातले कोणीतरी हक्काने बसलेले असले पाहिजे.